हजेरीपटावर खोटी गैरहजेरी लावायला सांगताहेत. सही करू की नको?

टाइम_ऑफिस | सोमवार, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे फक्त वाचतो, आज पहिल्यांदा धागा काढतोय. चुकलं तर सांभाळून घ्या.

जळगाव एमआयडीसीत एका चटईच्या कारखान्यात टाइम ऑफिसला आहे. नऊ वर्षं झाली. मस्टर, पंचिंग मशीन, ओव्हरटाइमचा हिशोब, ठेकेदाराच्या मुलांचे गेटपास, सगळं माझ्याकडे.

१२ तारखेला सकाळपाळीत सव्वादहाच्या सुमारास स्क्रॅप ग्राइंडरवर एका पोराचा हात गेला. उजव्या हाताची दोन बोटं. ठेकेदाराकडचा मुलगा, चोपडा तालुक्यातला, २२ वर्षांचा. ग्राइंडरचं झाकण उघडलं की मशीन आपोआप थांबावं म्हणून तिथे एक लिमिट स्विच असतो. तो दिवाळीपासून लाल टेपने दाबून बांधून ठेवलाय, कारण झाकण सारखं उघडावं लागतं आणि दर वेळी मशीन थांबलं तर माल निघत नाही. टेप सगळ्यांनी पाहिलेली आहे. मीही रोज चहाला त्याच वाटेने जातो.

पोराचं नाव ईएसआयमध्ये (सरकारी कामगार विमा योजनेत) नव्हतं. ठेकेदाराने टाकलं नव्हतं, कंपनीने विचारलं नव्हतं. १३ ला घाईघाईने नाव टाकलं. आता अपघात १५ ला झाला असं दाखवायचं आहे आणि त्यासाठी १२ ला तो कामावर नव्हता असं मस्टर हवं. १२ च्या चौकटीत मी सकाळीच निळ्या पेनाने 'पी' लिहून बसलोय. मॅनेजर शनिवारी आले, काही न बोलता व्हाइटनरची बाटली टेबलावर ठेवली आणि मग म्हणाले, "पोराच्या भल्यासाठीच सांगतोय. १२ दाखवलं तर त्याला दमडी मिळणार नाही, आणि ते पाप तुझ्या डोक्यावर."

तीन दिवस झोप नाही. खरं सांगतो, मला कायद्यापेक्षा ते 'पाप' जास्त लागलंय. खरं लिहिलं तर पोराचे पैसे खरंच बुडतात का? आणि नाही म्हणालो तर मला काढतील का? पेपरात मागे 'जागल्यांना', म्हणजे गैरप्रकार उघड करणाऱ्यांना, 'संरक्षण देणारा कायदा' असं वाचलं होतं. तो आपल्यासारख्याला लागतो का?

मेहरूणचं_बोर | सोमवार, रात्री ११:५८

भो, सही नको करू. नोकरी गई ते दुसरी भेटी, नाव गयं ते भेटाव नई.

शेंगोळे_प्रेमी | मंगळवार, सकाळी ७:१०

@मेहरूणचं_बोर दुसरी भेटी? कोठे भेटी? नऊ वर्षांचा टाइमकीपर, चाळिशीचा माणूस, आणि एमआयडीसीत सगळे मालक एकाच कट्ट्यावर चहा पितात. एकाने काढला की दुसरा फोन करून विचारतो, "काय रे, कसा आहे माणूस?" सल्ला देणं सोपं आहे. मी असतो तर लावला असता व्हाइटनर आणि देवाची माफी मागितली असती. शिव्या द्या हवं तर.

मुन्शी | मंगळवार, सकाळी ९:२५

मी वकील नाही. कामगार कोर्टाची कामं करणाऱ्या एका वकिलांकडे एकोणीस वर्षं फायली सांभाळतोय. तेवढ्या अनुभवावर सांगतो.

आधी पापाचं बघू. मॅनेजर खोटं बोलताहेत, किंवा त्यांना माहीत नाही. कामावर झालेल्या इजेसाठी ईएसआयमध्ये 'इतके महिने वर्गणी भरलेली हवी' अशी अट नसते. ती आजारपणाच्या भत्त्याला असते. इजा पहिल्या दिवशी झाली तरी कामगार पात्र असतो. मालकाने नाव टाकलं नाही, वर्गणी भरली नाही, हा मालकाचा दोष. अशा वेळी ईएसआय महामंडळ कामगाराला लाभ देऊन मालकाकडून वसुली करू शकतं. १९४८ च्या ईएसआय कायद्यातच ही सोय होती, आता त्याच्या जागी आलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही आहे. कामगार ठेकेदाराचा असला तरी वर्गणीची पहिली जबाबदारी मूळ मालकाची, म्हणजे कंपनीची. तात्पुरत्या अपंगत्वाच्या काळात पगाराच्या ९० टक्के आणि बोटं कायमची गेली म्हणून कमाईची ताकद जेवढी घटली त्या प्रमाणात पेन्शन, हे त्या पोराचं आहे. १२ तारीख खरी लिहिल्याने त्याचं काही जात नाही. जातं ते कंपनीचं: वसुली, दंड आणि कारखाना निरीक्षकाची चौकशी.

उलट १५ तारीख लावली तर पोरगा अडकतो. हॉस्पिटलच्या केसपेपरवर तारीख कोणती आहे? १२. पुढे मेडिकल बोर्डासमोर पहिला प्रश्न हाच येणार की १५ ला कापलेल्या बोटांना १२ ला टाके कसे पडले. तेव्हा मॅनेजर त्याच्या शेजारी उभे नसतील.

आता तुमचं. जुन्या दंडसंहितेत ४७७ अ होतं, नव्या न्याय संहितेत ते ३४४ आहे. हिशोबाच्या वह्या-कागदांत फसवणुकीच्या इराद्याने खोटी नोंद करणं, सात वर्षांपर्यंत शिक्षा. त्या कलमात माणसांची जी यादी आहे, तिच्यात पहिला शब्द 'कारकून' आहे. मालक नाही, मॅनेजर नाही. व्हाइटनर तुमच्या हाताने लागणार, सही तुमची असणार. मॅनेजरने तुम्हाला काय लिहून दिलंय? काहीच नाही. बाटली ठेवली फक्त.

टाइम_ऑफिस | मंगळवार, सकाळी ९:५२

मुन्शीसाहेब, पोराच्या पैशाचं वाचून हात थरथरला. केसपेपरवर १२ च आहे, मीच रिक्षात घेऊन गेलो होतो. बाकी संध्याकाळी लिहितो, ड्युटीवर आहे.

वरणगाव_रिटायर्ड | मंगळवार, सकाळी ११:०५

जागल्याच्या कायद्याबद्दल. मी केंद्र सरकारच्या नोकरीतून निवृत्त झालो, दक्षता विभागाच्या फायली काही वर्षं हाताळल्या.

तुम्ही वाचलेला कायदा २०१४ चा. त्या वर्षी मे महिन्यात राष्ट्रपतींची सही झाली, पण तो अंमलात आणणारी अधिसूचना काही निघाली नाही. नुसता पुस्तकात आहे. आणि निघाली असती तरी तो सरकारी सेवकांच्या भ्रष्टाचाराबद्दलच्या तक्रारींसाठी आहे. चटईच्या कारखान्यातल्या ग्राइंडरशी त्याचा संबंध नाही.

प्रत्यक्षात चालतो तो २००४ चा केंद्र सरकारचा ठराव. सत्येंद्र दुबे नावाचा तरुण इंजिनियर आठवत असेल. सुवर्ण चतुर्भुज महामार्गाच्या कामातला गैरव्यवहार त्याने २००२ मध्ये पंतप्रधान कार्यालयाला कळवला आणि नाव गुप्त ठेवा अशी विनंती केली. पत्र नावासकट टेबलाटेबलावरून फिरलं. २७ नोव्हेंबर २००३ ला गयेत त्याला गोळ्या घातल्या. त्यानंतर सर्वोच्च न्यायालयाने विचारणा केली तेव्हा हा ठराव आला. पद्धत अशी: बंद पाकीट, वर जनहितार्थ माहिती असल्याचा शेरा, पाठवणाऱ्याचं नाव-पत्ता पाकिटावर नाही तर आत, आणि ते केंद्रीय दक्षता आयोगाकडे. निनावी चालत नाही. आयोग नाव झाकून मजकूर पुढे पाठवतो. पण हे केंद्र सरकार, केंद्राचे उपक्रम, सरकारी बँका एवढ्यांपुरतं. जिल्हा परिषदेतल्या माणसालासुद्धा लागू नाही, खासगीची गोष्टच सोडा.

शेतात रात्री जागलीला बसणारा माणूस काठी आणि बॅटरी घेऊन बसतो. तुमच्या हातात काय आहे, ते आधी बघा.

माजी_पतसंस्था | मंगळवार, दुपारी १:३०

माझं सांगतो, कारण माझ्या हातात काठीही नव्हती.

एका पतसंस्थेत क्लार्क होतो. गाव सांगत नाही, संस्था तर नाहीच. संचालकांच्या नातेवाइकांना विनातारण कर्जं आणि ठेवीदारांना 'पुढच्या महिन्यात या'. मला वाटलं आपण मोठे क्रांतिकारक. एका रात्री पाच कर्जदारांची यादी ठेवीदारांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकली. सकाळी माझा फोन बंद, दुपारी निलंबन, आठवड्यात अब्रुनुकसानीची नोटीस, वर 'संस्थेचे गोपनीय दस्तऐवज चोरले' म्हणून पोलिसांत अर्ज. यादी खरी होती हो! एकेक आकडा खरा. पण मी ती चुकीच्या दारात नेऊन टाकली.

नंतर वकिलाने समजावलं. अब्रुनुकसानीच्या कलमाला अपवाद आहेत. ज्याला चौकशीचा अधिकार आहे अशा अधिकाऱ्याकडे सद्हेतूने केलेली तक्रार हा त्यातला एक. सहकार खात्याच्या उपनिबंधकाकडे तेच पाच आकडे लिहून दिले असते तर नोटीस टिकली नसती. व्हॉट्सअॅप ग्रुप म्हणजे उपनिबंधक नव्हे, हे कळायला मला साडेतीन वर्षं आणि बायकोची पोत लागली.

बँकेत असतो तर थोडा आधार असता. रिझर्व्ह बँकेने २००७ मध्ये खासगी आणि परदेशी बँकांसाठी संरक्षित तक्रारींची योजना आणली. पतसंस्थेवाला त्यात बसत नाही.

टाइम ऑफिस दादा, फेसबुक-व्हॉट्सअॅप काही करू नका. आणि मस्टरचं पान घरी नेऊ नका. हात जोडतो.

खानदेशी_तडका | मंगळवार, दुपारी १:४४

लाइव्ह जा भाऊ, फेसबुक लाइव्ह! ग्राइंडर दाखवा, टेप दाखवा. दोन लाख व्ह्यूज. सगळे सुतासारखे सरळ होतील.

माजी_पतसंस्था | मंगळवार, दुपारी १:४६

वरचा प्रतिसाद वाचलास का बाबा?

एमआयडीसी_सेक्टर | मंगळवार, सायंकाळी ६:२०

शिव्या पडणार हे माहीत असून लिहितो. माझं स्वतःचं छोटं युनिट आहे, पाइप फिटिंगचं. अठ्ठावीस माणसं.

स्विच बांधणं चूक आहे. माझ्याकडेही एकदा बांधला होता. मी स्वतः कात्रीने टेप कापली आणि ऑपरेटर माझ्यावरच चिडला, कारण त्याचा पीस रेट बुडत होता. मालक दर वेळी राक्षस नसतो. कित्येकदा मधल्या मॅनेजरला वाटतं आपण मालकाला वाचवतोय आणि मालकाला काहीच माहीत नसतं. एकदा थेट मालकाला भेटून बघा. बाहेर गेलात की गोष्ट हातातून सुटते.

मुन्शी | मंगळवार, रात्री ८:१५

@एमआयडीसी_सेक्टर तुमच्या प्रामाणिकपणाबद्दल आभार. मालकाला सांगायचंच. पण भेटून नाही, लिहून. तोंडी भेटीनंतर दुसऱ्या दिवशी गेटवर पास अडवला तर तुम्ही कधी, काय बोललात याला साक्ष कोण? वॉचमन?

टाइम ऑफिस, तुम्ही विचारलंत की काढतील का. काढू शकतात. कागदाने कुणाचा हात धरता येत नाही. पण काढलं तर ते *कशामुळे* काढलं हे तारखांवरून दिसतं, आणि कोर्टात सगळी लढाई तिथेच असते. आकसाने काढणं, खोट्या कारणाने काढणं ही अनुचित कामगार प्रथा आहे. राज्याच्या १९७१ च्या कायद्यात तिची यादी आहे, नव्या औद्योगिक संबंध संहितेतही आहे. चारही श्रमसंहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्यात, त्यामुळे कलमांचे आकडे बदललेत, वकिलाला नवे विचारा. तुम्ही लिखापढीचं काम करता म्हणजे 'कामगार' व्याख्येत बसता. उद्या कंपनीने कागदावर 'टाइम ऑफिसर' केलं तरी कोर्ट हुद्दा बघत नाही, हातातलं काम बघतं. एक मात्र: १९७१ च्या कायद्याखाली तक्रारीला ९० दिवस असतात. 'बघू, वाट पाहू' म्हणत लोक तेच घालवून येतात.

तुमचं पत्र आधी आणि त्यांची कारवाई नंतर, तर तो आकस. त्यांची 'हिशोबात चुका' अशी मेमो आधी आणि तुमचं पत्र नंतर, तर तुमची तक्रार म्हणजे बचाव. फरक कधीकधी दोन दिवसांचा असतो. शनिवारी बाटली ठेवली, आज मंगळवार. लिहा.

मजकूर असा ठेवा. विशेषणं नकोत, 'भ्रष्ट', 'गुन्हेगार' नको:

"दि. १२ रोजी सकाळपाळीत सदर कामगार हजर होता व तशी नोंद मी त्याच दिवशी हजेरीपटात केली आहे. पंचिंग मशीनमध्येही त्याची आत येण्याची नोंद आहे. ही नोंद बदलण्याबाबत शनिवारी मला तोंडी सांगण्यात आले. नोंद खरी असल्याने मी ती बदलू शकत नाही. तसेच स्क्रॅप ग्राइंडरचा लिमिट स्विच टेपने बांधलेला असून त्यामुळे पुन्हा अपघात होण्याची भीती आहे. कृपया दुरुस्ती व्हावी."

शेवटची दोन वाक्यं महत्त्वाची. भोपाळनंतर १९८७ मध्ये कारखाना कायद्यात ४१ एच आलं, धोकादायक प्रक्रियेतल्या कामगाराला धोका कळवण्याचा हक्क. नव्या सुरक्षा संहितेत हा हक्क सगळ्या आस्थापनांतल्या कर्मचाऱ्यांना आहे: गंभीर इजेची रास्त भीती असेल तर मालकाला कळवा आणि *त्याच वेळी* निरीक्षकालाही कळवा. म्हणजे बाहेर जाणं ही गद्दारी नाही, कायद्यानेच एका पत्राच्या दोन प्रती सांगितल्यात. एक मालकाला, एक औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाला. दोन्ही स्पीड पोस्टने, पावत्या घरी. तक्रार कुणी केली हे निरीक्षकाने गुप्त ठेवायचं, असं आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या ८१ क्रमांकाच्या करारात आहे आणि भारताने तो १९४९ मध्येच मान्य केलाय. पण तुमच्या बाबतीत गुप्ततेचा फार उपयोग नाही, मस्टर एकाच माणसाकडे असतं.

शेंगोळे_प्रेमी | मंगळवार, रात्री ८:४०

माझा सकाळचा सल्ला मागे. पण एक विचारतो: मोठ्या कंपन्यांत म्हणे तक्रारपेटी, हॉटलाइन असतं. ते यांना नाही का?

मुन्शी | मंगळवार, रात्री ८:५५

कंपनी कायदा २०१३, कलम १७७. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्या, लोकांकडून ठेवी घेणाऱ्या आणि बँका-वित्तसंस्थांचं ५० कोटींच्या वर कर्ज असलेल्या कंपन्या. त्यांना अशी यंत्रणा ठेवावी लागते, तक्रारदाराला त्रास होणार नाही अशी तजवीज करावी लागते आणि अपवादात्मक प्रसंगी थेट ऑडिट कमिटीच्या अध्यक्षांकडे जाता येतं. चटईची बहुतेक युनिटं भागीदारीतली. नाही बसत.

ताई_नर्स_धुळे | मंगळवार, रात्री ९:३०

एक राहिलंच. तो पोरगा कसा आहे? त्याला कुणी सांगितलंय का यातलं काही? आमच्या वॉर्डात ठेकेदाराची माणसं कोऱ्या कागदावर अंगठा घ्यायला येतात. उजव्या हाताला बँडेज असतं, मग डावा घेतात.

टाइम_ऑफिस | मंगळवार, रात्री ११:१५

ताई, तुमचा प्रतिसाद वाचला आणि जेवणावरून उठून त्याच्या वडिलांना फोन केला. ठेकेदार रविवारी येऊन गेला होता. पाच हजार दिले आणि 'ईएसआयचा फॉर्म आहे' म्हणून दोन कागदांवर अंगठा घेतला. डावा.

पंचिंग मशीनचं सांगायचं राहिलं. १२ ला त्याची आत येण्याची नोंद ७:५२. तो उजव्या तर्जनीने पंच करायचा. ते बोट आता नाही. मशीनमध्ये ठसा अजून आहे.

पत्र लिहिलंय. उद्या टाकतो.

मुन्शी | मंगळवार, रात्री ११:३१

वडिलांना उद्याच ईएसआयच्या शाखा कार्यालयात पाठवा. साध्या कागदावर अर्ज: अपघात १२ ला, दोन कागदांवर मजकूर न वाचून दाखवता अंगठा घेतला, केसपेपरची झेरॉक्स सोबत. दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यायची. पोचेशिवाय खिडकी सोडायची नाही. हा अर्ज त्यांचा असू दे, तुमचा नको.

मशीनचा डेटा तुम्ही पेनड्राइव्हवर काढू नका. चोरीचं निमित्त होईल. पत्रात उल्लेख केलात तेवढा पुरे, निरीक्षक मागवू शकतो. मागवल्यावर नोंद गायब असेल तर ती कुणी पुसली याचं उत्तर त्यांनी द्यायचं.

मेहरूणचं_बोर | बुधवार, सकाळी ६:५०

टाक भो. मी शे.

टाइम_ऑफिस | अकरा दिवसांनी, रात्री १०:०५

मंडळी, उशीर झाला, माफ करा.

पत्रं त्याच बुधवारी टाकली. शुक्रवारी मॅनेजरने बोलावलं. ओरडले नाहीत. "एवढा शहाणा कधी झालास?" एवढंच म्हणाले. सोमवारपासून मला स्टोअरला टाकलंय, रात्रपाळी. ऑर्डर लेखी दिली आहे, कारण 'प्रशासकीय सोय'. मी ऑर्डरच्या प्रतीवर 'निषेध नोंदवून स्वीकारली' असं लिहून तारीख टाकली.

मालक स्वतः एकदा खाली आले होते. ग्राइंडरजवळ बराच वेळ उभे राहिले. माझ्याशी बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी टेप निघालेली होती, स्विचवर चिकटपणाचा काळा पट्टा राहिलाय. एमआयडीसी सेक्टरवाले दादा, तुम्ही म्हणालात ते थोडं खरं असेल.

पोराच्या वडिलांना पोच मिळाली. तिथल्या साहेबांनी केसपेपर पाहिला आणि अपघाताचा अहवाल कंपनीकडून मागवतो म्हणाले. कंपनीने अजून दिलेला नाही.

बायको पहिले दोन दिवस बोलली नाही. काल रात्रपाळीचा डबा भरताना कळण्याची भाकरी आणि ठेचा बांधून दिला. आमच्याकडे हे समेटाचं जेवण.

आता एक प्रश्न. गुरुवारी निरीक्षक येणार आहेत, मला जबाबाला सकाळी अकराला थांबायला सांगितलंय. माझी पाळी सकाळी सातला सुटते. त्या दिवशी रजा टाकू का? म्हणजे झोपून येता येईल.

मुन्शी | अकरा दिवसांनी, रात्री १०:२०

रजा टाकू नका. रजेवरचा माणूस आत कशाला आला, असा प्रश्न उपस्थित करतील. सातला आउट पंच करा, गेटबाहेर चहा घ्या आणि साडेदहाला गेट रजिस्टरमध्ये 'निरीक्षकांनी बोलावल्यावरून' असं लिहून आत जा. वेळ घड्याळात बघून टाका. जबाब झाल्यावर वाचून, मगच सही.

टाइम_ऑफिस | अकरा दिवसांनी, रात्री १०:२४

बरं. निघतो, पाळीची वेळ झाली.